स्मोक अलार्म आणि आम्ही पाचजणी

प्रिय शहाण्या,

तुझा मेसेज मिळाला. सोमवारी सकाळी सामान बांधणारी माणसं ट्रक घेऊन येतील, ताई, तू फक्त तुझे कपडे वेगळे काढून ठेव, बाकी कशाला हात लावू नकोस, असं लिहिलं आहेस. किती काळजीने लिहिलंस! वाचून आधी डोळे भरून आले आणि लगेच डोकं फिरलं. तेव्हा काय ते सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुला जीव मुठीत धरून वाचायला नको. मी येत नाही. तुझ्या घरातली मागची खोली तू रंगवून घेतलीस, तुझ्या बायकोने पडदे शिवले, त्याबद्दल दोघांचं मनापासून कौतुक. त्या खोलीत पाहुणे ठेवा, सायकल ठेवा, मांजर पाळा. मी माझ्या घरात राहणार आहे. आणि हे मी रागाच्या भरात खरडत नाहीये. दोन कप चहा पिऊन, खिडकीशी बसून, शांतपणे लिहिते आहे. बरं, अगदी शांतपणे नाही.

तू ते अलार्म बसवायला आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. विम्याच्या कचेरीत बसून तू जळक्या घरांचे फोटो बघतोस, त्यामुळे तुला प्रत्येक घर पेटायच्या बेतात दिसतं. एकटी बहीण, त्यात जुनं वायरिंग, म्हणजे तुझ्या झोपेचं खोबरंच. स्टुलावर चढून तू छताला भोकं पाडत होतास, मी स्टुलाचे पाय धरून उभी होते आणि सगळा चुना माझ्या डोक्यात पडत होता. एक अलार्म पॅसेजमध्ये, एक झोपायच्या खोलीत, एक बाहेरच्या खोलीत. स्वयंपाकघरात मुद्दाम लावला नाहीस, तिथे नुसता तवा तापला तरी तो बोंबलेल म्हणालास. जागा अगदी योग्य निवडल्यास, त्यात मी खोट काढणार नाही. मग मला समोर बसवून शिकवणी घेतलीस. दर महिन्याला बटण दाबायचं, जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढायची, वर्षाला बॅटरी बदलायची, त्यावर रंग मारायचा नाही, आणि दहा वर्षांनी मोह न धरता अख्खं यंत्र टाकून नवीन आणायचं. माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंस. ज्याला मी कान पिळून पाढे शिकवले तो माझी परीक्षा घेत होता! हसू येत होतं, पण बरंही वाटत होतं. आपण झोपेत जळून जाऊ नये असं कुणाला तरी वाटतं, ही काही लहान गोष्ट नाही.

आणि मी ते सगळं केलं. तुला खरं वाटत नसेल, पण केलं. तुला माहीतच आहे, बाटल्यांच्या कारखान्यात मी सगळा जन्म तपासणीवर काढला. उजळलेल्या पांढऱ्या काचेपुढून बाटल्या एकीमागून एक सरकत जायच्या आणि तडा गेलेली, टवका उडालेली, पोटात बुडबुडा राहिलेली बाटली मी उचलून बाजूला टाकायचे. पट्टा ठीक चालला आहे की नाही, हे आम्ही दिव्यावरून ओळखायचो. हिरवा असला की काम चालू, लाल लुकलुकला की हात मागे. कानाने काही ओळखायचा तिथे प्रश्नच नव्हता. सगळा हॉल भरून काचेवर काच आपटत असायची, कुणी शेजारी ढोल बडवला असता तरी पत्ता लागला नसता. घरी अलार्म तपासताना मी तेच केलं. केरसुणीच्या दांड्याने बटण दाबायचं, लाल दिवा भराभर लुकलुकला की म्हणायचं, शाब्बास, चालू आहेस. हिरवा ठिपका दिसला की निश्चिंत झोपायचं. मला यात काही चुकतंय असं स्वप्नातही वाटलं नाही.

मग तीन महिन्यांपूर्वी तुम्ही दोघं आलात. दारातून आत पाऊल टाकलंस आणि पहिला प्रश्न, हे काय चिवचिवतंय? मी म्हटलं, कुठे काय? तू पॅसेजमध्ये जाऊन वर बोट दाखवलंस. बॅटरीने वर्ष पुरं व्हायच्या आधीच मान टाकली होती आणि यंत्र दर मिनिटाला टिवटिव करून बॅटरी मागत होतं. वरच्या मजल्यावरची टेलरबाई जिन्यात भेटली तेव्हा तिनेही तुला सांगितलं, कितीतरी दिवस चाललंय, आम्हाला वाटलं ताईंना सवय झाली असेल. तू बॅटरी बदललीस. दुसऱ्या दिवशी तू आंघोळीला गेलास, तुझ्या बायकोने टोस्टरमध्ये पाव घातला आणि तो जळाला. तू टॉवेल गुंडाळून, साबणाच्या फेसासकट धावत बाहेर आलास. मी पॅसेजच्या तोंडाशी पाठ करून बटाटे सोलत बसले होते. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, मी वळून तुझ्याकडे बघितलं आणि म्हटलं, अरे, असा ओला काय आलास? तुझा तो चेहरा मी विसरणार नाही. बाबा आजारात माणसं ओळखेनासे झाले तेव्हा त्यांच्याकडे बघताना तुझा असाच चेहरा व्हायचा.

त्या चेहऱ्याने तू मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलंस. वाटेत माझा हात धरलास, रस्ता ओलांडताना मी पोरगी असल्यासारखा. डॉक्टर चांगला माणूस दिसला, पण त्याने तोंडावर मास्क बांधला होता. तो खालमानेने कागदावर खुणा करत प्रश्न विचारायचा आणि मला त्याच्या भुवया तेवढ्या हलताना दिसायच्या. त्याने काहीतरी विचारलं, मी माझं वय सांगितलं. तू मान खाली घातलीस, तेव्हा मला कळलं की वय विचारलं नव्हतं. पुढच्या प्रश्नाला मी म्हटलं, हो. त्याच्या पुढच्याला म्हटलं, बरं. शेवटी त्याने तुला बाजूला नेऊन सांगितलं की विस्मरणाची सुरुवात आहे, एकटं ठेवू नका. हे मी तुझ्या ओठांवर वाचलं, तू बायकोला फोनवर सांगत होतास तेव्हा, काचेच्या दाराच्या पलीकडून. एक अक्षरही चुकलं नाही वाचताना. पण तेव्हाही मला उमजलं नाही की मी ते ऐकलं नव्हतं, वाचलं होतं. इतकी वर्षं तसंच चाललं होतं ना! हॉलमध्ये आम्ही बायका आवाज काढायच्या भानगडीतच पडायचो नाही. नुसते ओठ हलवायचो. पलीकडच्या पट्ट्यावरची बाई कुणाच्या नवऱ्याची लक्तरं काढते आहे ते मी इकडून वाचायचे, आणि मधून सुपरवायझर फिरत गेला तरी त्याला ताकास तूर लागत नसे. कान केव्हातरी काम सोडून गेले आणि डोळ्यांनी त्यांचं काम मुकाट्याने अंगावर घेतलं.

तुम्ही गेलात आणि मी टेलरबाईला हाक मारली. म्हटलं, माझ्यासमोर हे बटण दाब आणि दाबूनच धर. ती स्टुलावर चढली, तिने बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने एक कान गच्च झाकून घेतला. डोळे मिटले, तोंड वाकडं केलं. लाल दिवा लुकलुकत होता. मी त्या यंत्राच्या बरोबर खाली उभी होते आणि माझ्या खोलीत नेहमीसारखी शांतता होती. शहाण्या, मला फार भीती वाटली. तिला पाठवून दिलं आणि पलंगावर बसून पोटभर रडले. इतके महिने मी त्या हिरव्या ठिपक्याच्या भरवशावर झोपत होते आणि घर पेटलं असतं तर शेजारचे सगळे जागे झाले असते, मी सोडून. रडून झाल्यावर मला राग आला, आणि तुला माहीत आहे, रागात मी जास्त कामाची असते.

पॅसेजमधला अलार्म छतावरून काढून पिशवीत टाकला आणि मी थेट मिरचीकडे गेले. आठवते ना मिरची? माझ्या शेजारच्या पट्ट्यावर होती, तुला लहानपणी घाबरवायची ती. महिन्याच्या एका दुपारी आम्ही जुन्या हॉलवाल्या तिच्या अंगणात चहाला जमतो. आम्ही पाचजणी. मी मधोमध टेबलावर यंत्र ठेवलं आणि बटण दाबलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मिरची म्हणाली, दाब की आता! मी म्हटलं, अगं, दाबलंय. तिने डोळे बारीक करून लाल दिवा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे. लंबूला, ती पट्ट्यांपासून लांब खोकी भरायच्या कामावर होती म्हणून, डास गुणगुणल्यासारखं काहीतरी ऐकू आलं म्हणे. बाकी आम्ही चौघी ठणठणीत बहिऱ्या. तेवढ्यात फाटक ढकलून शेजारीपाजारी धावत आले, एकाच्या हातात पाण्याची बादली! आम्ही कप हातात घेऊन बसलेल्या, मधे ते यंत्र किंचाळतंय, आणि आम्ही एकमेकींना विचारतोय, लागलाय का गं, लागलाय का? तो बादलीवाला आमच्याकडे बघून थिजला. आधी मिरची हसली, मग मी, मग सगळ्याच. हसता हसता लंबूच्या डोळ्यांना धार लागली आणि ती हसण्याची राहिली नाही. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, आता ती एकटीच असते, आणि तिच्या मुलीने लावलेला असाच एक अलार्म तिच्या पलंगावर टांगलेला आहे.

तेव्हापासून आम्ही पाचजणी स्वस्थ बसलेलो नाही. आधी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आत गेल्या गेल्या मी म्हटलं, बाई, मास्क काढा, नाहीतर मला तुम्हाला वाचता येत नाही. त्यांनी मास्क काढला आणि खुर्ची उजेडात ओढली. काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि सांगितलं की बारीक, उंच आवाज गेले आहेत, तुझ्या अलार्मचा आवाज नेमका त्यातला. तुझा फोनवरचा आवाजही अर्धामुर्धाच पोचतो. म्हणून तर फोनवर मी भलतंच बोलते अशी तुझी तक्रार असते. मग मी त्या डोक्याच्या डॉक्टरकडेही परत गेले, एकटी, बसने. त्यांना म्हटलं, तेच प्रश्न पुन्हा विचारा, पण तोंड उघडं ठेवून. शंभरातून सात सात वजा करत मी इतकी खाली गेले की त्यांनीच हात जोडले. विस्मरण वगैरे काही नाही, बाईंचा कान तपासायला हवा होता, असं ते स्वतः म्हणाले. तुझा विश्वास नसेल तर त्यांना विचार. तू मला चुकून वेडी ठरवलंस याचा मला राग नाही. तुला जे दिसलं त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं. पण त्यानंतर तू मला एका शब्दानेही न विचारता ट्रक ठरवलास, याचा मात्र आहे, आणि तो इतक्यात जायचा नाही.

आता तू म्हणशील, वेडी नसलीस तरी बहिरी आहेस, मग तर तुला मुळीच एकटं ठेवणार नाही. थांब जरा. माझ्या पलंगाच्या उशीखाली आता एक थाळीएवढं पॅड आहे, आणि कपाटावर एक दिवा. छतावरचे अलार्मही बदलून घेतले, तू ठरवलेल्या जागीच, तुझीच भोकं वापरून. यांचं आणि त्या पॅडचं आपसात जमतं. वर एकालाही धुराचा वास लागला की दिवा खोलीभर चमकतो आणि पॅड असं हादरतं की मेलेलाही उठून बसेल. पहिल्यांदा तपासलं तेव्हा मी टुणकन उडाले आणि पॅडला एक शिवी हासडली. बटण अजूनही दर महिन्याला दाबते, पण आता दिव्याकडे बघून समाधान मानत नाही. टेलरबाई बटण दाबते, मी पाठ करून आडवी पडते, आणि अंगाला हादरा बसला तरच शाब्बास म्हणते. मिरचीकडे आणि लंबूकडे पॅड मीच लावलं. स्टुलावर मी, पाय धरायला मिरची. महिन्यातून एकदा आम्ही पॅड लागलेल्या घरांतून फिरतो. एक बटण दाबते, एक ब्रश मारते, घरमालकीण डोळे मिटून पलंगावर पडते आणि हादरली की हात वर करते. उरलेल्या दोघींकडे अजून लावायचं आहे. मी तुझ्या मागच्या खोलीत येऊन पडदे बघत बसले तर हे कोण करणार?

पण आमच्यासारख्या त्या हॉलमध्ये काम केलेल्या बायका गावभर आहेत, आणि बहुतेकींना आपल्याला काय ऐकू येत नाही हेच ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उंच आवाजांच्या जागी कानाला असं भोक पडतं ते गोंगाटात काम केलेल्यांना. म्हणून आम्ही कारखान्यात गेलो. म्हटलं, तुमच्या बाटल्यांनी आमचे कान खाल्ले, आता निदान झोपेत जळायला नको एवढी सोय प्रत्येकीच्या घरी करून द्या. मॅनेजर तुझ्याहून लहान असेल. तो हसून म्हणाला, मावशी, वय झालं की कान जातातच. आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी पाचजणी पाच अलार्म घेऊन फाटकाशी खुर्च्या टाकून बसलो आणि पाळीपाळीने बटणं दाबत राहिलो. आम्हाला काय त्रास? आम्ही डबा खाल्ला, गप्पा मारल्या, मिरचीने स्वेटरची एक बाही पुरी केली. कचेरीच्या खिडक्या धडाधड बंद होताना दिसल्या. शेवटी मॅनेजर दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर आला आणि ओरडला, बंद करा ते! मिरची त्याला गोड आवाजात म्हणाली, काय म्हणालास बाळा? ऐकू येत नाही. येत्या सोमवारी आम्हाला साहेब लोकांपुढे आमचं म्हणणं मांडू द्यायचं त्याने कबूल केलंय.

तर सोमवारी मी घरी नाही, फाटकाशी आहे. पण नुसतं एवढं सांगायला हे पत्र नाही. साहेब लोकांनी निरोप पाठवलाय की कारखान्यात येण्याआधी तुमचे कान चांगले होते हे सांगणारं कुणी आणा. चौघींना कुणी ना कुणी मिळालं. माझं कुणी उरलेलं नाही. आई गेली, बाबा गेले. माझे पहिले कान ओळखणारं माणूस आता जगात तू एकटा आहेस. लहानपणी तुझी छाती भरायची, झोपेत तुझ्या श्वासाला शिट्टी लागायची, आणि भिंतीपलीकडे झोपलेली मी आईच्या आधी उठून तुझ्यापाशी यायचे. हे तू स्वतःच तुझ्या लग्नात उभा राहून सगळ्यांना सांगितलं होतंस आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी त्या हॉलमध्ये लागले ती तू शाळेत जायला लागलास त्या वर्षी. त्यानंतर तू कितीदा आजारी पडलास आणि मी उठले नाही, हेही तुला आठवत असेल. तेव्हा तुला वाटलं असेल की ताई दमते. शहाण्या, ट्रक रद्द कर आणि तू ये. सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या वेळेला फाटकाशी ये. साहेब लोकांपुढे उभा राहा आणि माझ्या बहिणीचे कान कसे होते ते त्यांना सांग. आणि सांगताना तोंड माझ्याकडे ठेव, मला ते वाचायचं आहे.

तुझीच,
ठार बहिरी, पण पुरती शुद्धीवर असलेली
ताई